करडी माणसं, पेन्सिलीनं: गेममधल्या पात्रांना कथेतले साचे कसे लावायचे

रविवारी सकाळचे पोहे झाले की लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी पाच जण जमतात: माझा भाचा, त्याचे कॉलेजातले दोन मित्र, शेजारची एम.ए. करणारी मुलगी आणि मी. टीव्हीला कन्सोल जोडलेला असतो. टेबलावर जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, दोन पेनं आणि एक पेन्सिल. एखाद्या कार्डावर जीरावनाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, डाग पडतोच, इंदुरात त्याला इलाज नाही.

सुरुवात भांडणातून झाली. 'द लास्ट ऑफ अस' या गेमचा शेवट बघून ते दोन मित्र एकमेकांवर इतके उखडले की आठवडाभर बोलले नाहीत. एक म्हणे, त्यातला नायक जोएल बाप आहे, बापानं हेच करायचं असतं. दुसरा म्हणे, तो खुनी आहे, बाकी सगळी रंगसफेदी. भाच्यानं मला मध्ये घेतलं, "मामा, तू सांग, कोण बरोबर?"

मला लहानपणीचा गणेशोत्सव आठवला. वादविवाद स्पर्धेत फिरून फिरून कर्ण यायचा. दोषी की दुर्दैवी? दोन्ही बाजूंना टाळ्या पडायच्या आणि पुढच्या वर्षी वाद परत पहिल्यापासून. मिटणार कसा? एक बोलणारा भर सभेत द्रौपदीला नको ते बोलणाऱ्या कर्णाबद्दल बोलत असे आणि दुसरा कवचकुंडलं कापून देणाऱ्या कर्णाबद्दल. नाव एक, प्रसंग दोन. जोएलवरून भांडणाऱ्या पोरांचंही तेच झालं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की माणसाला साचा लावायचा नाही, त्याच्या एकेका कृतीला लावायचा आणि मग त्या कृती शेजारी शेजारी मांडून बघायच्या. दोन वर्षांत यातून जी पद्धत तयार झाली ती इथे पायरीपायरीनं देतो. घरच्या घरी, एखाद्या मित्राला बरोबर घेऊन, कुणालाही करता येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली ज्यांची नावं येतील त्यातले बरेच गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहेत. घरात शाळकरी मुलं असतील तर हाच उद्योग महाभारतावर करा, तिथे पात्रांची काही कमी नाही. आणि ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांना शेवट आधी कळतील, हे लक्षात घेऊन पुढे वाचा.

साचा म्हणजे काय

समीक्षेत याला आदिबंध म्हणतात. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कथांत, वेगवेगळ्या नावांनी येणारी माणसाची एक ठेवण. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांची चिरफाड करून ३१ कार्यं (कथेत पात्रं करतात त्या ठरावीक कृती) आणि सात भूमिका काढल्या. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. पात्र कोण आहे, कसं दिसतं, हे बाजूला ठेवायचं आणि कथेत ते काय करतं तेवढंच बघायचं.

पण आमचा खरा आधार घराजवळच सापडला. दहाव्या शतकाच्या अखेरीस, इथेच माळव्यात, मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयानं 'दशरूपक' लिहिलं. नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत हे चार प्रकार त्यात आहेत. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी ते पाठ केलेले असतील. त्यावरचा टीकाकार धनिक मात्र एक सुंदर गोष्ट सांगतो. हे शब्द जातीसारखे कायमचे चिकटलेले नाहीत, वासरू आणि बैल यांच्यासारख्या त्या अवस्था आहेत. दाखला देतो परशुरामाचा. रावणाशी बोलताना तो एक असतो, रामापुढे दुसरा. शेजारच्या मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला दोनदा वाचायला लावलं. हजार वर्षांपूर्वी, इथून धार-उज्जैन जेवढं लांब तेवढ्या अंतरावर, कुणीतरी आमच्याच प्रश्नाशी झटापट करत होतं!

पहिली पायरी: पात्र खरंच करडं आहे का

प्रत्येक दुष्टाला दुःखद बालपण जोडायची आता पद्धतच पडली आहे. त्यानं पात्र करडं, म्हणजे धड पांढरंही नाही आणि धड काळंही नाही असं, होत नाही. आमची कसोटी साधी आहे. एकच प्रसंग दोन समंजस माणसांनी पाहिला आणि दोघांचं मत वेगळं पडलं, शिवाय प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं थोडं तरी टोचलं, तर पात्र करडं. नुसतं मत वेगळं पडून भागत नाही, ते टोचणं हवं. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मधला मायका बेल चटपटीत बोलतो, लक्षात राहतो, पण त्याच्या बाजूनं बोलताना आमच्यापैकी कुणाचीच जीभ अडखळली नाही, कारण कुणी बोललंच नाही. त्याचं कार्ड केलं नाही.

दुसरी पायरी: कृती लिहा, विशेषणं गाळा

एका कार्डावर एकच प्रसंग. चार ओळी लिहायच्या. त्यानं काय केलं? त्याची किंमत कुणी मोजली? त्या क्षणी त्याला काय ठाऊक होतं? आणि नंतर तो त्याबद्दल काय बोलला?

जोएलचं आमचं पहिलं कार्ड असं आहे (एली म्हणजे त्यानं लेकीसारखी सांभाळलेली मुलगी). 'सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात एलीला शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उचललं, आडवे आले त्यांना मारलं, सर्जनलाही मारलं. किंमत: मेलेली माणसं, आणि रोगावर लस निघण्याची आशा. ठाऊक होतं: शस्त्रक्रियेत एली वाचणार नाही, आणि तिला कुणी विचारलेलं नाही. नंतर: एलीशी खोटं बोलला.'

'निर्दयपणे', 'बिचाऱ्यानं', 'हतबल होऊन' असले शब्द कार्डावर आले की आम्ही कार्ड फाडतो. सुरुवातीला फार फाडावी लागली. विशेषण लिहिलं की निकाल लागून गेलेला असतो आणि पुढच्या पायऱ्या नुसती सजावट होतात.

चौथी ओळ सोडू नका. कृतीपेक्षा कित्येकदा तीच जास्त बोलते. जोएलला आपण केलं ते योग्यच वाटत होतं, तर खोटं कशाला बोलला? त्या एका प्रश्नावर आमचा एक अख्खा रविवार गेला आणि आठवडाभर न बोललेली ती दोन पोरं त्या दिवशी दुपारपर्यंत बोलत बसली.

तिसरी पायरी: कथेची सक्ती की हाताची निवड

कादंबरी आणि गेम यांत फरक पडतो तो इथे. कादंबरीतला माणूस लेखकाच्या मर्जीनं वागतो. गेममध्ये मधूनच आपण वागतो. त्यामुळे प्रत्येक कृतीपुढे लिहायचं की ही लेखकानं बांधून दिलेली आहे की खेळणाऱ्यानं निवडलेली. सक्तीची कृती पेननं लिहा, निवडीची पेन्सिलीनं. पेन्सिलीचं लिखाण प्रत्येक घरात वेगळं निघणार.

हे मला कळलं तो प्रसंग सांगतो. भाचा जोएलला घेऊन त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचला. समोर सर्जन हातात चाकू धरून आडवा उभा. भाच्यानं कंट्रोलर सतरंजीवर ठेवून दिला. म्हणाला, "मी नाही मारत. बघू काय होतं." काहीच झालं नाही. सर्जन तसाच उभा, जोएल तसाच उभा, आमच्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज. बराच वेळ गेल्यावर त्यानं कंट्रोलर उचलला, कारण त्या खोलीतून पुढे जायला दुसरी वाटच ठेवलेली नाही. ती कृती जोएलची आहे, भाच्याची नाही, आणि तरी बटण त्यानंच दाबलं. नंतर बराच वेळ तो बोलला नाही. कार्डावर ती ओळ त्यानंच पेननं लिहिली आणि खाली रेघ मारली.

उलट 'बायोशॉक' (२००७) मध्ये लहान मुलींना वाचवायचं की त्यांच्यातलं द्रव्य काढून घेऊन आपली ताकद वाढवायची, हे खेळणारा ठरवतो. ती ओळ पेन्सिलीची. तिच्यावरून नायकाला साचा लावलात तर तो साचा तुमचा स्वतःचा निघेल. वाईट नाही ते, फक्त कुणाचं कार्ड भरतोय हे ठाऊक असावं.

आणखी एक सापळा असतो गुणांच्या पट्टीचा. 'मास इफेक्ट'मध्ये पॅरागॉन (सज्जन) आणि रेनेगेड (बेमुर्वत), 'रेड डेड'मध्ये इभ्रतीचं माप. या पट्ट्या म्हणजे साचे नव्हेत. रस्त्यात भेटणाऱ्यांना नमस्कार करत गेलं तरी 'रेड डेड'चा नायक आर्थर मॉर्गन याची इभ्रत वाढते, आणि गावाला राम राम घालणारा माणूस घरी कसा असेल हे कुणी सांगावं? पट्टीची मात्रा कार्डाच्या कोपऱ्यात लिहा आणि विसरा. अपवाद एक, 'अंडरटेल' (२०१५). तिथे मारामारीतून वाढणाऱ्या आकड्यांचा खरा अर्थ शेवटाजवळ उलगडतो आणि आपण इतका वेळ काय मोजत होतो ते कळून पोटात गोळा येतो. तिथे पट्टी हीच गोष्ट आहे.

चौथी पायरी: सुटत नाही ते काय

आता कार्ड हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा. या माणसाला सगळं सोडता येतं, पण काय सोडता येत नाही? या उत्तरातून साचा निघतो. बाहेरच्या पुस्तकांतली नावं आमच्या तोंडी बसेनात, म्हणून आम्ही आपली नावं दिली आहेत. तुमची वेगळी असली तरी चालेल.

खाल्ल्या मिठाला जागणारा. भीष्म आणि दुर्योधनाच्या बाजूचा कर्ण. चुकीच्या बाजूला आहोत हे कळतं, पण पाय निघत नाही. आर्थर मॉर्गन पहिल्या अर्ध्या गोष्टीत इथे बसतो. टोळीचा म्होरक्या डच यानं त्याला पोरवयात उचलला, वाढवला, आता डच घसरतोय हे दिसत असूनही आर्थर त्याच्या मागे जातो. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) मधले शिमुरा तर थेट भीष्म आहेत. काळ १२७४चा, बेटावर मंगोल चालून आलेले, माणसं मरताहेत, पण सामुराईचा आचार मोडायचा नाही. त्यांचा भाचा जिन तो आचार मोडतो, अंधारातून वार करतो, विषही वापरतो. मीठ मोठं की माती मोठी, असा तो झगडा आहे. त्या मामा-भाच्यांची शेवटची भेट पाहताना माझे डोळे भरून आले हे मी लपवणार नाही. त्या भेटीचा शेवट पेन्सिलीनं लिहायचा आहे, कारण शिमुरांना मारायचं की जगू द्यायचं हे खेळणारा ठरवतो.

मायेनं आंधळा. धृतराष्ट्र. एका लेकरापुढे त्याला जग दिसत नाही. जोएल इथे येतो आणि इथे आल्यावर एकदम स्पष्ट दिसायला लागतो, कारण धृतराष्ट्रावर आपण प्रेमही करत नाही आणि त्याला राक्षसही म्हणत नाही. 'बाप आहे' आणि 'खुनी आहे' ही दोन्ही वाक्यं या साच्यात शेजारी शेजारी बसतात. आमच्या त्या दोन भांडखोरांनी जोएल धृतराष्ट्र आहे हे एकाच वेळी मान्य केलं, दोघांनी वेगवेगळ्या कारणांसाठी.

सुडानं पेटलेला. अश्वत्थामा. बापाला कपटानं मारलं म्हणून रात्री झोपलेल्यांना कापून काढणारा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (२०२०) मधली ॲबी त्या सर्जनची मुलगी. तिच्या कार्डाला दुसरा साचा शोधायलाच लागला नाही.

वाल्या. वाल्याचा वाल्मीकी होतो ही म्हण आपण सहज वापरतो, पण त्या गोष्टीतला मधला टप्पा महत्त्वाचा आहे. माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का, असं तो घरी जाऊन विचारतो आणि नाही हे उत्तर ऐकतो. हा प्रश्न आणि हे उत्तर ज्या पात्राच्या वाट्याला आलं, तोच वाल्या. नुसता शेवटी चांगला वागला म्हणून या साच्यात बसवू नका. आर्थर उत्तरार्धात इथे येतो. कर्जवसुलीला गेला असता थॉमस डाउन्स नावाच्या आजारी माणसाला तो मारहाण करतो आणि त्याच्याकडूनच त्याला क्षय जडतो. ही मारहाण पेननं लिहायची, ती टाळता येत नाही. पुढे डाउन्सच्या बायको-पोराला मदत करणं मात्र खेळणाऱ्याच्या मर्जीवर आहे. म्हणजे पाप सक्तीचं, प्रायश्चित्त ऐच्छिक. गेम बनवणाऱ्यांनी ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे असं माझं मत आहे.

हिशोबी. चाणक्य. दहा वाचतील तर एक गेला तरी चालेल. 'मास इफेक्ट'मधला शास्त्रज्ञ मॉर्डिन सोलस हा इथला नमुना. एका अख्ख्या वंशाची संतती रोखून धरणाऱ्या रोगावर त्यानं काम केलेलं आहे, आणि ते का आवश्यक होतं हे तो भराभर, आकडेमोड केल्यासारखं सांगतो. तिसऱ्या भागात (२०१२) तोच माणूस ते पुसायला निघतो. त्याची दोन कार्डं लागतात. इस्पितळात एलीचा जीव देऊन लस मिळवू पाहणारी मार्लिनसुद्धा हिशोबी. जोएलसमोर ती उभी राहते तेव्हा धृतराष्ट्रासमोर चाणक्य उभा असतो. म्हणूनच तो प्रसंग इतका घट्ट बसला आहे.

घरभेदी. बिभीषणाला रामाच्या बाजूनं भक्त म्हणतात, लंकेच्या बाजूनं दुसरं काही म्हणत असतील. 'मेटल गिअर सॉलिड ३' (२००४) मधली द बॉस शत्रूला जाऊन मिळालेली दिसते, आणि ते फितूर होणं हीच तिची कामगिरी होती हे तिच्या मृत्यूनंतर कळतं. घरभेद्याचं कार्ड भरताना 'त्याला काय ठाऊक होतं' ही तिसरी ओळ गोष्ट पूर्ण संपल्याशिवाय लिहू नका.

पोटासाठी चाकरी करणारा. पुराणात याला जागा कमी आहे, आपल्या काळात फार. 'पेपर्स, प्लीज' (२०१३) मध्ये तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसून कागद तपासता. नवऱ्याचे कागद बरोबर असतात, तो आत जातो आणि मागून येणाऱ्या बायकोशी जरा नीट वागा म्हणतो. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. सोडलंत तर ठपका येतो. दिवसातले पहिले दोन ठपके नुसत्या ताकिदीवर निभावतात, पुढचे पगारातून कापले जातात, आणि संध्याकाळी घरी जेवण, ऊब, औषध यांचा हिशोब समोर येतो. माणुसकी परवडायची असेल तर दिवसाला दोनदाच, एवढं कोरडं गणित. माझी स्वतःची तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला गेली आहेत. हा खेळ मी एकट्यानं, रात्री, कुणाला न सांगता पूर्ण केला.

कळलाव्या नारद आणि वाट चुकवणारा गुरू हे आणखी दोन साचे आम्ही ठेवले आहेत. नारद करड्या पात्रांत विरळा, बहुतेक वेळा तो नुसता गंमत तरी असतो नाहीतर निव्वळ दुष्ट. गुरूच्या साच्यात डच व्हॅन डर लिंड चपखल बसतो.

पाचवी पायरी: कार्ड उलटा

साचा लावून झाला की कार्डाच्या मागे असा एक प्रसंग लिहायचा जो त्या साच्यात बसत नाही. सापडला नाही तर दोनच शक्यता: पात्र करडं नव्हतं, किंवा आपण नीट पाहिलं नाही.

'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) मधला वांडर आम्ही आधी सहज 'मायेनं आंधळा'मध्ये टाकला होता. मेलेल्या मुलीला परत आणायला तो १६ महाकाय जीव मारतो. उलटल्यावर भाच्याचा मित्र म्हणाला, "काका, धृतराष्ट्र कशाला, ही सावित्री नाही का? यमाकडून माणूस परत आणायला निघालेली?" मग आम्ही सावित्री शेजारी ठेवली. ती बोलण्यात यमाला जिंकते, कुणाचा जीव घेत नाही. वांडर घेतो, आणि त्यातले कित्येक जीव तर त्यानं डिवचेपर्यंत आपल्या जागी शांत असतात. त्याला मोठी किंमत मोजावी लागेल असं आधीच सांगितलेलंही असतं. त्याचं कार्ड अजून कुठल्याच गठ्ठ्यात नाही.

सहावी पायरी: दुसऱ्या गावाहून बघा

इंदूरकराला ही पायरी समजवावी लागत नाही, राघोबादादांचं नाव पुरतं. पुण्याच्या बाजूनं सांगितलं तर १७५८ साली मराठ्यांचा झेंडा अटकेपर्यंत नेणारा सेनापती. आमच्याकडे सांगतात ते वेगळं. १७६७ मध्ये मालेराव गेल्यावर होळकरांची दौलत घ्यायला फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आलेला आणि अहिल्याबाईंच्या बायकांच्या फौजेचा निरोप ऐकून 'सांत्वनाला आलो होतो' म्हणत परतलेला. आणि ३० ऑगस्ट १७७३च्या नारायणरावांच्या खुनाच्या, 'ध'चा 'मा' झालेल्या गोष्टीतला काका. माणूस तोच. नवीन कुणी आमच्यात आलं की गेमच्या आधी त्याच्याकडून राघोबादादांची तीन कार्डं भरून घेतो.

गेममध्ये हे असं करायचं: कार्डावरच्या दुसऱ्या ओळीत किंमत मोजणाऱ्याचं नाव आहे ना? आता त्याच्या हातात पेन द्या आणि तोच प्रसंग त्याच्या बाजूनं लिहा. 'पार्ट २' खेळणाऱ्याकडून हे जबरदस्तीनं करवून घेतो. ज्या ॲबीनं जोएलला मारलं तिलाच तासन् तास आपल्या हातात देतो. आमच्यातल्या एकानं तिथे खेळ सोडला होता, महिन्यानं परत सुरू केला.

एक पूर्ण उदाहरण: ब्लडी बॅरन

'द विचर ३' (२०१५) मधला हा गृहस्थ आम्हाला सगळ्यात जड गेला, म्हणून सविस्तर सांगतो. वेलेनमधल्या एका गढीचा तो मालक. बायको ॲना आणि मुलगी तमारा नाहीशा झाल्या आहेत, त्या शोधून दे म्हणून खेळाचा नायक गेराल्ट याला गळ घालतो. मोठ्यानं हसणारा, पाहुणचार करणारा, मुलीच्या आठवणीनं गहिवरणारा. मग शोध घेता घेता कळतं की दारू पिऊन तो बायकोला मारत असे, आणि अशाच एका रात्रीनंतर तिचा गर्भ पडला. नाव न ठेवता पुरलेलं ते मूल पिशाच्च होऊन हिंडतंय.

पहिलं कार्ड मारहाणीचं. पेननं. किंमत ॲनानं मोजली, मुलीनं मोजली. चौथ्या ओळीत आम्ही लिहिलं: 'सुरुवातीला लपवतो, पकडल्यावर कबूल करतो.' दुसरं कार्ड त्या रात्रीचं, जेव्हा तो ते मूल स्वतःच्या हातांवर घेऊन चालतो, त्याला नाव देतो, उंबऱ्यापाशी पुरतो. हे खेळणाऱ्यानं तो मार्ग निवडला तरच घडतं, म्हणून पेन्सिल. भाचा म्हणाला, "मामा, हा वाल्या. पक्का." मीही मान डोलावली.

तेवढ्यात शेजारची मुलगी म्हणाली, "काका, यात ती बाई कुठे बोलते?"

आम्ही कार्डं परत वाचली. ॲनाबद्दलचं बहुतेक सगळं आम्हाला बॅरनच्याच तोंडून कळलं होतं. तिचं दुसऱ्यावर प्रेम बसलं होतं हे त्यानं सांगितलं, तीही भांडायची हे त्यानं सांगितलं. सहाव्या पायरीला आम्ही बसलो तर ॲनाचं कार्ड जवळजवळ कोरं राहिलं. इतकंच लिहिता आलं की नको असलेल्या गर्भापासून सुटका मिळावी म्हणून तिनं दलदलीतल्या चेटकिणींशी करार केला आणि त्यांची दासी झाली. जी बाई एवढ्या थराला जाते तिच्या घरात काय चाललं असेल, हे बॅरनच्या आसवांआड आम्हाला दिसलंच नव्हतं. तमारा बापाला माफ करत नाही, हे आम्ही आधी तिच्या हट्टीपणात मोजलं होतं. वाल्याच्या गोष्टीतलं ते 'नाही' म्हणणारी तमाराच होती.

आणि शेवट? बॅरन गळफास घेतो किंवा भ्रमिष्ट झालेल्या ॲनाला उपचारासाठी दूरच्या डोंगरांत घेऊन जातो. यातलं काय होणार हे ठरतं गेराल्टनं एका झाडातल्या आत्म्याचं काय केलं यावर. बॅरनच्या सुधारण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून शेवट बघून साचा लावू नका. शेवट पेन्सिलीतला आहे आणि पेन्सिल दुसऱ्याच्या हातात आहे.

शेवटी बॅरनचं वाल्याचं कार्ड आम्ही ठेवलं, पण त्यावर 'तमाराचं उत्तर वाचल्याशिवाय हे वाचू नये' असं लिहून दोन्ही कार्डं एका टाचणीनं जोडली.

सातवी पायरी: तारीख घाला

प्रत्येक कार्डावर गोष्टीतला टप्पा आणि आपण भरल्याची तारीख, दोन्ही. क्रेटॉसची २००५च्या 'गॉड ऑफ वॉर'मधली कार्डं अश्वत्थाम्याच्या गठ्ठ्यात आहेत. फसवला गेल्यानं स्वतःच्याच बायको-मुलीचा जीव घेतलेला आणि त्यांची राख अंगावर वागवणारा माणूस. २०१८च्या गेममध्ये तोच मुलाला शिकार शिकवताना हात पुढे करतो आणि पाठीवर ठेवता ठेवता मागे घेतो. त्या क्षणाचं कार्ड वेगळं आहे. धनिकाच्या वासरू आणि बैलासारखं. जुनं कार्ड फेकू नका, दोन्ही एका दोऱ्यात ओवा.

आपली तारीख का, तर आपणही बदलतो. भाच्यानं जोएलचं कार्ड पहिल्यांदा भरलं तेव्हा तो फर्स्ट इयरला होता. मागच्या दिवाळीत ताईच्या आजारपणात तो महिनाभर इस्पितळात तिच्या उशाशी होता. परत आल्यावर त्यानं ते कार्ड मागितलं, पहिल्या तीन ओळींना हात लावला नाही, आणि चौथ्या ओळीखाली नव्या तारखेनं लिहिलं: 'खोटं बोलला, कारण तिनं विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.' मी ते वाचलं आणि त्याला चहा विचारला.

सहा महिन्यांनी गठ्ठे काढून बसा, शक्यतो ज्यानं तोच गेम दुसऱ्या वाटेनं खेळला आहे अशा कुणाला तरी बोलवा. पेनच्या ओळी दोघांच्या सारख्या यायला हव्यात. तिथे फरक पडला तर सेव्ह उघडून प्रसंग परत बघा. पेन्सिलीच्या ओळी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा. आणि वांडरचं काय करायचं ते कुणाला सुचलं, तर रविवारी साडेनऊनंतर आमचं दार उघडंच असतं.